प्लेगचे क्रूस

नोव्हेंबरच्या दोन तारखेला, परलोकवासी भाविकांच्या स्मरणदिनी, आपली कुटुंबे दफनभूमीत जमतात. थडगी धुतली जातात, झेंडूची फुले वाहिली जातात, मेणबत्त्या पेटतात आणि धर्मगुरू आशीर्वादित पाणी शिंपडत ओळीओळीने फिरतात. अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर या पट्ट्यात राहणाऱ्या अनेक कुटुंबांना मात्र त्या दिवशी एक प्रश्न पडतो. जायचे कोठे? आजोबांची माती वसईला, आजीची गोव्याला, कोणाच्या वडिलांची मंगळुरास, तर कोणाची नगरकडच्या एखाद्या खेड्यात. येथे आपल्याला घर मिळाले, नोकरी मिळाली, मुलांना शाळा मिळाली. पण पूर्वजांची थडगी मागेच राहिली.

ही गावे तशी आपल्याला नवी. अंबरनाथचे शिवमंदिर इ. स. १०६० चे आहे. आपली वस्ती मात्र तेथे कारखान्यांच्या भोंग्याबरोबर आली. उल्हासनगर हे नाव तर १९४९ चे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी म्हणजे कल्याण कॅम्प, आणि १९४७ नंतर त्या छावणीच्या बराकींत सिंधमधून उखडलेली हजारो कुटुंबे येऊन राहिली. आजही तेथील माणूस पत्ता सांगताना कॅम्पचा नंबर सांगतो. त्या निर्वासितांचीही चितास्थाने आणि पूर्वजांची घरे सरहद्दीपलीकडे राहिली होती. बराकींच्या ओळींत त्यांनी आपले दरबार उभे केले आणि त्यांच्या आधाराने पुन्हा उभे राहिले. घर गमावलेला माणूस प्रथम प्रार्थनेची जागा का शोधतो, याचे उत्तर या शेजाऱ्यांकडे पाहिले तरी मिळते.

आजारपण आणि मृत्यू घरात शिरतो तेव्हा श्रद्धा माणसाला नेमके काय देते, हा प्रश्न आपण व्याख्यानात विचारत नाही. तो इस्पितळाच्या जिन्यावर बसून विचारतो. त्याचे उत्तर शोधताना मला आपल्याच इतिहासातील एक पान आठवते. ते आहे १८९६ च्या प्लेगचे. त्या पानाचा आपल्या रेल्वेमार्गाशीही संबंध आहे.

ठाण्यापासून कल्याणपर्यंत आगगाडी १८५४ मध्ये आली आणि १८५६ मध्ये ती कल्याणहून अंबरनाथ, बदलापूरमार्गे घाटाच्या पायथ्याकडे गेली. चाळीस वर्षांनी याच रुळांवरून भयभीत माणसांचे लोंढे मुंबईबाहेर पडले. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागातील एका रुग्णात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले. हे डॉक्टर गोव्यातील हडफड्याचे, धर्माने कॅथलिक. त्यांचे निदान अनेकांना प्रथम पटले नाही. रोगाने ते लवकरच पटवून दिले. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती; १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. वाढत्या शहराची संख्या दहा वर्षांत घटावी, यातच सारे आले. पुढील पंचवीस वर्षांत या साथीने हिंदुस्थानात एक कोटीच्या आसपास माणसे नेली.

सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा केला. घरांची झडती होऊ लागली. रुग्ण इस्पितळात आणि त्याचे आप्त विलगीकरणाच्या छावणीत, अशी ताटातूट होऊ लागली. दारांवर तांबड्या रंगाच्या खुणा उमटल्या. मुंबईहून निघालेल्या उतारूंना कल्याण स्थानकावर उतरवून वैद्यकीय तपासणी होत असे. काखेत गाठ आहे काय, अंगात ताप आहे काय, हे पाहिल्याशिवाय पुढचा प्रवास नसे. आज ज्या फलाटांवर आपण बदलापूरची गाडी पकडण्यासाठी धावतो, तेथे तेव्हा बायका-पुरुषांच्या भेदरलेल्या रांगा उभ्या असत. या कारवाईचा जाच लोकांना रोगाइतकाच वाटला. पुण्यात २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, ती या संतापातूनच. त्याच पुण्यात १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता स्वतः त्या रोगाने गेल्या, हेही विसरून चालणार नाही.

याच वर्षांत वांद्रे आणि साष्टीतील ख्रिस्ती गावठाणांत क्रूस उभे राहू लागले. रानवार, चिंबई, पाली, चुईम या पाड्यांतून आजही फिरले तर गल्लीच्या तोंडाशी, दोन घरांच्या मध्ये, विहिरीच्या कडेला दगडी चौथऱ्यावरचा क्रूस दिसतो. काही क्रूस त्याहूनही जुने आहेत. पण पुष्कळांचा जन्म प्लेगच्या काळातला, आणि लोक त्यांना प्लेगचे क्रूस म्हणूनच ओळखतात. कोणी रक्षणासाठी ते उभारले, कोणी घर वाचल्याच्या कृतज्ञतेने, कोणी गेलेल्यांच्या स्मरणार्थ. वर्षातून एकदा तेथे शेजारी जमतात, फुलांची आरास होते, जपमाळ आणि लितानी होते आणि शेवटी उकडलेले चणे वाटले जातात.

येथे एक अवघड प्रश्न टाळता येत नाही. या क्रुसांनी प्लेग थांबवला काय? इतिहासाचे प्रामाणिक उत्तर असे, की नाही. क्रूस उभारल्यानंतरही माणसे मेली. ज्यांनी प्रार्थना केली तीही गेली, ज्यांनी केली नाही तीही गेली. रोगाला आवर घालण्याचे श्रेय उंदीर आणि पिसवांचे नाते उलगडणाऱ्या संशोधकांना आणि वाल्डेमार हाफकिन यांच्यासारख्यांना द्यावे लागेल. या ज्यू शास्त्रज्ञाने १० जानेवारी १८९७ रोजी लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांचे नाव आजही मिरवते. डॉ. व्हिएगस श्रद्धावान होते म्हणून त्यांनी रुग्णाची नाडी सोडून केवळ माळ हाती घेतली नाही. ते प्लेगग्रस्त वस्तीत गेले आणि साथीचे नाव त्यांनी उघडपणे घेतले. औषधाला पाठ फिरवणे ही श्रद्धा नव्हे, हा पहिला धडा त्या काळाने आपल्याला दिला आहे.

मग क्रुसाने दिले तरी काय? प्लेगने माणसाचा जीव नेला, पण त्याआधी त्याचा शेजार नेला होता. आजाऱ्याच्या घरी कोणी जाईना. मुलगा इस्पितळात, आई छावणीत. शवाला खांदा द्यायला माणूस मिळेना. घरोघरी बसून रडण्याची जी आपली रीत, तीच तुटली. अशा वेळी गल्लीच्या तोंडाशी, उघड्यावर, आपापल्या ओट्यावरूनही दिसेल अशा ठिकाणी एक क्रूस उभा राहिला. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे खरे कार्य हे होते: घरात एकट्याने गिळलेले दुःख त्याने दाराबाहेर आणले आणि सगळ्यांच्या प्रार्थनेत मिसळले. त्या क्रुसापुढे कोणी कोणाला ‘का’ असे विचारले नसेल. कारण ज्याच्यापुढे ते उभे होते, तो स्वतःच वेदनेने विद्ध झालेला होता.

ख्रिस्तसभेला ही वाट नवी नव्हती. १५७६ मध्ये मिलान शहरात प्लेग उसळला तेव्हा आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ शहर सोडून गेले नाहीत. घरांत कोंडलेल्या लोकांना मिस्सा घडावी म्हणून त्यांनी चौकाचौकांत वेद्या उभारवल्या. खिडकीतून दिसेल त्या वेदीकडे पाहत आजारी आणि निरोगी एकाच मिस्सेत सामील झाले. पुढे अशा चौकांत क्रूसस्तंभ उभे राहिले. संत रोख यांची परंपराही हेच सांगते. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता त्यांना स्वतःला गाठ आली आणि ते रानात एकटे पडले. तेव्हा एका कुत्र्याने त्यांना भाकर आणून दिली. म्हणूनच त्यांच्या मूर्तीपाशी कुत्रा असतो आणि मांडीवर जखम असते. बरे झालेले संत आपण पुष्कळ पाहतो. हा संत जखम दाखवत उभा आहे.

शुभवर्तमानातील बेथानीच्या घराची कथाही या प्रकाशात वेगळी वाटू लागते. मार्था आणि मरिया यांचा भाऊ लाजारस मरण पावला होता. प्रभूला उशीर झाला, ही तक्रार दोघी बहिणींनी त्याच्या तोंडावर केली आणि त्याने ती ऐकून घेतली. तो त्याला पुन्हा उठवणार होता, हे त्याला ठाऊक होते. तरीही थडग्याकडे जाताना तो रडला. दुःख करणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे, असे ज्यांना वाटते त्यांनी या अश्रूंपाशी थोडे थांबावे. कालवारीवर मरियाही बोलली नाही, तिने उपाय केला नाही. ती फक्त उभी राहिली. ज्या घरात आजारी माणसाच्या उशाशी रात्र काढावी लागते, त्या घराला हे उभे राहणे पुरते समजते.

सव्वाशे वर्षांनी तीच परीक्षा आपल्या वाट्याला आली. २०२० च्या मार्चअखेरीस लोकल गाड्या थांबल्या आणि बदलापूर-अंबरनाथचे फलाट निर्मनुष्य झाले. चर्चची दारे बंद झाली. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. मुंबईत ३० मार्च २०२० रोजी महापालिकेने असा आदेश काढला, की या रोगाने गेलेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहनच व्हावे. तो आदेश त्याच दिवशी बदलला, पण तेवढ्या वेळात अनेक घरांच्या काळजाचा ठोका चुकला. आई गेली आणि मुलाने तिचा चेहरा पाहिला नाही, अशी घरे आपल्या या पट्ट्यातही आहेत. त्या घरांना प्लेगची गोष्ट पुस्तकातली वाटत नाही.

त्याच काळात, २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी, पोप फ्रान्सिस पावसाने भिजलेल्या, रिकाम्या संत पेत्राच्या चौकात एकटे उभे राहिले. त्यांच्याजवळ सान मार्चेल्लो चर्चमधील लाकडी क्रूस होता. १५२२ च्या प्लेगमध्ये रोमच्या वस्त्यावस्त्यांतून ज्याची मिरवणूक निघाली, तोच हा क्रूस. आपल्याकडे तेव्हा मोबाईलच्या चिमुकल्या पडद्यावर मिस्सा पाहिली गेली आणि इमारतीच्या खिडक्यांत मेणबत्त्या लागल्या. मिलानच्या खिडक्या आणि आपल्या खिडक्या यांत चार शतकांहून अधिक अंतर होते. गरज मात्र एकच होती.

साथ ओसरते; आजारपण ओसरत नाही. कर्करोगाच्या उपचारासाठी पहाटेची गाडी पकडून परळच्या टाटा रुग्णालयाकडे जाणारी कुटुंबे कर्जत-कल्याण मार्गावर रोज दिसतात. १९४१ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयातील एक शल्यविशारद, डॉ. लुईस डिसोझा, यांना एक गोष्ट सलत होती: ज्यांच्यावर आता उपचार उरला नाही, त्यांनी जायचे कोठे? त्यातून १९८६ मध्ये वांद्र्याला, मोतमाउलीच्या टेकडीवर, शांती अवेदना ही भारतातील पहिली अंतसेवा संस्था उभी राहिली. तेथे रोग बरा करण्याचे आश्वासन नसते. वेदना हलकी केली जाते, जखम धुतली जाते, हात धरला जातो, आणि रुग्णाचा धर्म विचारला जात नाही. ज्या वांद्र्याच्या गल्ल्यांनी प्लेगचे क्रूस उभारले, त्याच वांद्र्यात ही संस्था उभी राहावी, यात मला एकच सूत्र दिसते. क्रूस आधी दगडाचा झाला, मग तो माणसांच्या हातांचा झाला.

आपल्या गावांत पूर्वजांनी उभारलेले दगडी क्रूस फारसे नाहीत. पण मुंबई धर्मप्रांतात १९८० च्या दशकापासून जे लहान ख्रिस्ती समूह रुजले, ते इमारतीच्या जिन्यांवर आणि चाळीच्या खोल्यांत तेच काम करू शकतात, एका अटीवर. आपण तेथे केवळ पाठ केलेली प्रार्थना घेऊन जाऊ नये. डायलिसिसच्या दिवशी गाडीत सोबत बसणे, रात्रपाळी करणाऱ्या मुलाऐवजी त्याच्या बापाच्या उशाशी जागणे, मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवशीही, जेव्हा सगळे आपापल्या कामाला लागलेले असतात, त्या घराची बेल वाजवणे: हे सारे जपमाळेचेच मणी आहेत. श्रद्धेचे बळ आकाशातून एकट्याच्या डोक्यावर उतरत नाही. बहुधा ते शेजाऱ्याच्या हातून, झाकलेल्या डब्यातून, घरात येते.

येत्या दोन नोव्हेंबरला आपल्यापैकी ज्यांची थडगी दूर आहेत त्यांनी येथल्याच दफनभूमीत जावे आणि ज्या थडग्यावर कोणी आलेले नाही तेथे एक मेणबत्ती लावावी. ते नाव आपल्याला अपरिचित असेल. आपल्या आजीच्या मातीवरही त्या वेळी, कोणा अपरिचिताच्या हातून, एक ज्योत लागत असेल.