ज्यूंना घरात लपवलं, म्हणून सहा मुलांसह मारलं गेलं: कोण होतं पोलंडमधलं उल्मा कुटुंब?

आग्नेय पोलंडमधलं मार्कोवा हे शेतकऱ्यांचं गाव. युझेफ उल्मा तिथे फळबाग करायचे, मधमाशा पाळायचे. फोटोग्राफीचाही त्यांना नाद होता. पत्नी विक्तोरिया आणि सहा लहान मुलं असा त्यांचा संसार. १९४२ च्या अखेरीस या छोट्या घरात आणखी आठ जण राहायला आले. ते सगळे ज्यू होते.

आसरा देण्याची शिक्षा काय होती?

तेव्हा पोलंडवर नाझी जर्मनीचा ताबा होता. ज्यूंना घेटो म्हणजे बंदिस्त वस्त्यांमध्ये कोंडलं जात होतं. १५ ऑक्टोबर १९४१ च्या हुकुमाने घेटोबाहेर सापडणाऱ्या ज्यूंना मृत्युदंड ठरला आणि त्यांना लपवणाऱ्यांनाही तीच शिक्षा होती.

घरात कोण लपलं होतं?

शौल गोल्डमन, त्यांचे चार मुलगे, नात्यातल्या दोघी बहिणी आणि त्यांपैकी एकीची लहान मुलगी. ही माणसं सुमारे दीड वर्ष उल्मांच्या घरी राहिली. म्हणजे धोका एका रात्रीपुरता नव्हता. रोज आठ जणांचं जास्तीचं जेवण शिजवायचं आणि शेजारपाजारी कुणकुण लागू द्यायची नाही, असं ते जगणं होतं.

२४ मार्च १९४४ ला काय घडलं?

कुणीतरी खबर दिली. पहाटे जर्मन पोलीस आले. त्यांनी आधी आठही ज्यूंना गोळ्या घातल्या, मग युझेफ आणि गरोदर विक्तोरियाला. शेवटी सहाही मुलांना मारलं. थोरली स्तानिस्वावा सात वर्षांची होती, तर धाकटी मारिया जेमतेम दीड वर्षाची.

मग गाव घाबरलं का?

दहशत बसावी हाच या हत्याकांडाचा हेतू होता. तरीही मार्कोव्यातल्या इतर शेतकऱ्यांनी आपल्या घरात लपलेल्या ज्यूंना बाहेर काढलं नाही. युद्ध संपेपर्यंत गावात सुमारे २० ज्यू जिवंत राहिले.

उल्मांची आठवण कशी जपली जाते?

ज्यूंना वाचवणाऱ्या बिगर-ज्यूंचा गौरव इस्रायलची 'याद वाशेम' ही संस्था करते. आजवर २८ हजारांहून अधिक जणांना हा सन्मान मिळालाय. उल्मा दाम्पत्याला तो १९९५ मध्ये देण्यात आला. २०१६ मध्ये मार्कोव्यात त्यांच्या नावाचं संग्रहालय उघडलं.

उल्मांच्या घरातलं बायबलही मागे उरलं. रस्त्यात जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्या शोमरोनी प्रवाशाची गोष्ट त्यात आहे. तिथे खूण केलेली आहे आणि शेजारी पोलिश भाषेत एकच शब्द लिहिलाय: 'हो'.