पीयूसी निघते, त्यातून काय सिद्ध होते?

“काका, पीयूसी आहे की माझ्याकडे. मग बेकायदेशीर कसं?”

डोंबिवलीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाचा हा प्रश्न. त्याची एमएच ०५ ची पेट्रोल गाडी आहे. कंपनीचा सायलेन्सर आणि त्याच्या आधी बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून त्याने फ्री-फ्लो पाइप लावला आणि इंजिन नियंत्रित करणारा संगणक, म्हणजे ईसीयू, रीमॅप करून घेतला. मुलगा अभ्यासू आहे, कायद्याची कलमे वाचून बोलतो. कल्याण-शीळ रस्त्यापासून घोडबंदरपर्यंत गाड्यांची आवड असलेली बहुतेक मुले त्याच्यासारखाच विचार करतात. म्हणून त्याचा पक्ष आधी पुऱ्या ताकदीने मांडतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने सगळे फेरबदल वर्ज्य केलेले नाहीत. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल, एवढाच फेरबदल वर्ज्य आहे. या प्रमाणपत्रात, म्हणजे आरसीत, इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, रंग, आसने, इंधन, सीसी असते. सायलेन्सरचा रकाना नसतो. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधल्या के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेरबदलांना लगाम घातला खरा, पण तिथेही भाषा आहे ती प्रमाणपत्रात नोंदवायच्या तपशिलाची. ज्याची नोंद नाही ते बदलायला मोकळीक. राहता राहिला धूर. त्यासाठी सरकारनेच पीयूसी नेमली आहे, आणि ती निघते.

हा युक्तिवाद पोकळ नाही. मुलाने कलम ५२ चे शब्द बरोबर वाचले आहेत. आरसी मात्र अर्धीच वाचली. त्याचे स्मार्ट कार्ड मी मागून घेतले. त्यावर ‘एमिशन नॉर्म्स’ असा रकाना होता आणि समोर छापले होते: भारत स्टेज ६. कन्व्हर्टर काढलेली गाडी भारत स्टेज ६ राहत नाही. म्हणजे प्रमाणपत्रातला एक तपशील खोटा ठरला. पूर्वपक्षाने जी कसोटी स्वतः लावली, तिच्यावरच तो इथे अडतो.

शिवाय कायदा कलम ५२ पाशी संपत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२० प्रत्येक गाडीला सायलेन्सर सक्तीचा करतो आणि आवाजाची मर्यादा पर्यावरण (संरक्षण) नियमांकडे सोपवतो. धूर आणि आवाजाच्या मानकांचा भंग करणारी गाडी सार्वजनिक जागी चालवणे हा कलम १९०(२) खाली गुन्हा आहे. त्याला पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि तीन महिने परवान्याला अपात्रता. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १८२-अ तर थेट मालकाशीच बोलते. कायदा वा नियमांनी मुभा न दिलेला फेरबदल केला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ‘प्रत्येक फेरबदलामागे’ पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. या कलमात आरसीच्या रकान्यांचा उल्लेखही नाही.

आता पीयूसी. सगळा गैरसमज इथे मुरलेला आहे.

पेट्रोल गाडीची पीयूसी काढताना गाडी उभी असते आणि इंजिनावर भार नसतो. नळीत घातलेली सळई कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजते. भारत स्टेज ४ पासूनच्या मोटारींना आयडलिंगवर त्यांच्या मर्यादा अनुक्रमे ०.३ टक्के आणि २०० पीपीएम आहेत. नायट्रोजनची ऑक्साइडे ती मोजत नाही. ती निपजतात इंजिन तापल्यावर आणि ओढ लागल्यावर: गायमुखचा चढ चढताना, किंवा शीळफाट्याच्या कोंडीतून सुटून जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर. कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमच्या थराचे एक मोठे काम नेमकी हीच ऑक्साइडे मोडण्याचे असते. डिझेल गाडीत धुराचा काळेपणा प्रकाशाने मोजतात. भारत स्टेज ६ ने डिझेल मोटारीला किलोमीटरमागे ६०० अब्ज कणांची मर्यादा घातली आहे, पण पीयूसी केंद्रात एकही कण मोजला जात नाही. त्यामुळे हे कण अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, काढलेली गाडीही तिथून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडू शकते. आणि आवाज? पीयूसीच्या यंत्राला मायक्रोफोनच नसतो.

पीयूसी ही वापरातल्या गाडीची नाडीपरीक्षा आहे. गाडीची खरी परीक्षा आधीच झालेली असते. नियम १२६ प्रमाणे पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेत मॉडेलचा नमुना तपासला जातो. त्यानंतर त्या मॉडेलच्या लाखो गाड्या रस्त्यावर येतात त्या एकाच आधारावर, की त्या तपासलेल्या नमुन्याबरहुकूम आहेत. माझे सगळे म्हणणे या एका वाक्यात आहे: गाडीची वैधता तिच्या धुराच्या आजच्या आकड्यात नसून नमुन्याशी असलेल्या तिच्या एकरूपतेत आहे. गाडी घेताना मिळणारा फॉर्म २२ हेच सांगतो. त्यात प्रदूषकांचे आकडे असतात आणि जाणाऱ्या गाडीच्या आवाजाचे डेसिबलही.

इतिहासही याच बाजूचा. १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्याच्यासाठीच शिसेविरहित पेट्रोल आणावे लागले. २०१५ मध्ये फोक्सवॅगन उघडी पडली ती प्रयोगशाळेत एक आणि रस्त्यावर दुसरेच वागणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे. कन्व्हर्टरच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरची तक्रार दाबणारा रीमॅप त्याच जातीचा आहे.

आवाजाबद्दल ‘थोडाच तर वाढला’ असे मुले म्हणतात. मोटारीची मर्यादा ७४ डेसिबल आहे. आवाज ८४ झाला, तर एका गाडीतून दहा गाड्यांची ध्वनिऊर्जा बाहेर पडते. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ आहे आणि रुग्णालयाभोवती १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ४०. ठाण्याला तर हे परके वाटू नये. याच शहरातल्या डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने ध्वनिनियमांच्या अंमलबजावणीबद्दल शासनाला खडसावले होते. तिथे विषय उत्सवांतल्या भोंग्यांचा होता. पण बाळंतिणीच्या खोलीत शिरणारा आवाज भोंग्याचा की पाइपचा, याने तिला काय फरक पडतो?

“एमआयडीसी एवढा धूर सोडते, माझ्या एका पाइपने काय होणार?” हा प्रश्न डोंबिवलीकराच्या तोंडी येणे मला समजते. २०१४ चा हिरवा पाऊस आणि २०२० चा गुलाबी रस्ता आम्ही पाहिला आहे. पण कारखान्याची चिमणी गावाच्या कडेला आहे आणि गाडीचा पाइप मुलांच्या नाकाच्या उंचीवर. एकाच्या अपराधाने दुसऱ्याचा धुऊन निघत नाही.

एक गोष्ट मात्र पूर्वपक्षाला दिलीच पाहिजे. नुसत्या कानाने ऐकून चलान फाडणे मला मान्य नाही. आरोप आवाजाचा असेल तर मोजमाप हवे, आणि ते मागण्याचा मालकाला हक्क आहे. गंजलेला सायलेन्सर बदलून त्याच बनावटीचा बसवणे हाही गुन्हा नाही. कायद्याचे बदलाशी वैर नाही. मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवा, आरटीओत नोंद करा. इंधनासारखी मूलभूत गोष्टसुद्धा बदलता येते. कारण ते किट कुणीतरी तपासलेले असते. फ्री-फ्लो पाइप आणि त्या गाडीची जोडी कुणीच तपासलेली नसते.

एवढे बोलून झाल्यावर मी मुलाला विचारले, “काढलेला कन्व्हर्टर कुठे आहे?” तो म्हणाला, गॅरेजवाल्याने ठेवून घेतला, बिलात थोडे कमी केले. मी त्याला ईको गाड्यांची आठवण दिली. काही वर्षांपूर्वी रात्री उभ्या केलेल्या ईकोंचे सायलेन्सर चोरीला जात होते ते आतल्या पॅलेडियम-प्लॅटिनमसाठी. दुसऱ्या दिवशी त्याने गॅरेजला फोन केला. माल भंगारात गेला होता. आता कंपनीचा नवा मागवला आहे. तो येईपर्यंत गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे, आणि तो डोंबिवलीहून लोकलने कामाला जातो.