वलंदेजांचा तांब्याचा पैसा

नाणी जमविणारा एखादा तरी मुलगा प्रत्येक शाळेत असतोच. शिवराई, ढब्बू पैसा, राणीछाप यांच्या जोडीला कधी त्याच्या डबीत तांब्याचे एक लहान नाणे निघते. एका बाजूस मोठा 'व्ही', त्याच्या एका पायात 'ओ' आणि दुसऱ्यात 'सी' अडकवलेला, खाली साल. पुष्कळांना ते इंग्रजांचे वाटते. पण ते आहे डचांचे, म्हणजे आपल्या जुन्या कागदांतल्या वलंदेजांचे. नाव डॉइट. ती तीन अक्षरे १६०२ साली स्थापन झालेल्या त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीची खूण होय.

हे नाणे पाडावे का लागले, ती हकीकत ऐकण्यासारखी आहे. हॉलंडात एका स्टायव्हरला आठ डॉइट मिळत. स्टायव्हर म्हणजे त्यांचा आणा समजा. जाव्यात मात्र चारच डॉइटांचा एक स्टायव्हर होई. आता हिशेब तुम्हीच करा! मायदेशी एका स्टायव्हरचे आठ डॉइट घ्यावेत, जहाजातून बटाव्हियास न्यावेत, की झाले त्यांचे दोन स्टायव्हर. लोकांनी नेमके हेच आरंभिले. तेव्हा कंपनीने १७२६ पासून आपली खूण घातलेले निराळे डॉइट पाडून घेतले. नफा काही बंद झाला नाही बरे, त्याचा धनी तेवढा बदलला. तांबे तेच, पण जाव्याच्या बाजारात मीठमिरची घेणाऱ्याच्या हाती ते दुप्पट भावाने पडत राहिले. तेथल्या भाषेत आजही पैशाला 'दुइत' म्हणतात. आपल्याकडे 'पैसा' या तांब्याच्या नाण्याचेच नाव साऱ्या धनाला पडले, तसेच हे.

नाणे उलटून पाहा. मुकुटाखालच्या ढालीवर उभा सिंह असेल तर ते हॉलंड प्रांताचे. सिंह लाटांतून वर येत असेल तर झीलंडचे. एकाखाली एक दोन सिंह असतील तर वेस्ट फ्रीसलंडचे. मुलांना हा खेळ फार आवडतो.

साल मात्र नीट वाचावे. वेंगुर्ल्यास वलंदेजांची वखार १६३७ साली झाली, म्हणून असे नाणे दिसले की ते वखारीतलेच, असे कोणी सांगू लागतो. पण ती वखार ते सतराव्या शतकातच सोडून गेले होते. हे डॉइट १७२६ च्या पुढचे. उलट कोचीन त्यांच्याकडे १७९५ पर्यंत आणि लंकेचा किनारा १७९६ पर्यंत होता. तेव्हा नाणे त्या बाजूने आले असण्याचा संभव अधिक.

म्हणूनच शिक्षकांना एक विनंती. नाणे लखलखीत दिसावे म्हणून मुले ते चिंचेने नाही तर राखेने घासतात. तसे घासू देऊ नका. तांब्यावरचा जुना थर निघतो आणि त्याबरोबर झिजलेले सालही जाते. कोरड्या मऊ फडक्याने धूळ टिपावी, नाणे कागदाच्या पुडीत ठेवावे, आणि ते कोणाकडून, कोठून आले हे पुडीवर लिहावे.