नोंद नसलेली जखम

डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने सर्वोच्च न्यायालयात एक प्रतिज्ञापत्र दाखल केले. मुलींच्या खतन्यावर, म्हणजे त्यांच्या जननेंद्रियाच्या छेदनावर, बंदी घालावी, अशी मागणी करणाऱ्या सुनीता तिवारी यांच्या जनहित याचिकेला ते उत्तर होते. भारतात ही प्रथा असल्याला दुजोरा देणारी कोणतीही अधिकृत आकडेवारी किंवा अभ्यास उपलब्ध नाही, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडेही नाही, असे त्यात म्हटले होते. याच मंत्रालयाच्या मंत्री मेनका गांधी यांनी त्याच वर्षी मे महिन्यात, ही प्रथा कायद्याने गुन्हाच आहे आणि बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी ती थांबवली नाही तर सरकार कायदा करील, असे सांगितले होते. पुढे एप्रिल २०१८ मध्ये ॲटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनीही न्यायालयात हा भारतीय दंड संहिता आणि बालकांचे लैंगिक शोषणापासून संरक्षण करणारा पॉक्सो या कायद्यांखाली गुन्हा असल्याचे मांडले. म्हणजे गुन्हा आहे, पण तो घडतो याची नोंद नाही. ही विसंगती एका मंत्रालयाच्या कारभारापुरती नाही. मुलांच्या रक्षणासाठी नेमलेल्या संस्थांनी मुलांच्या गुप्तांगांवर चालणाऱ्या कात्रीकडे गेल्या पाऊणशे वर्षांत कसे पाहिले, याचा इतिहास चाळला तर हाच नमुना पुन्हा पुन्हा भेटतो. संस्था पुरावा मागतात आणि ज्या ठिकाणी तो कधीच पोचणार नाही, नेमक्या त्याच ठिकाणी त्याची वाट पाहत बसतात.

सुरुवात जागतिक आरोग्य संघटनेपासून करावी लागते. १९५८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने या संघटनेला मुलींवर होणाऱ्या विधिवत शस्त्रक्रियांचा अभ्यास करण्याची विनंती केली. १९५९ च्या आरोग्य सभेने ती नाकारली. हे विधी सामाजिक आणि सांस्कृतिक परिस्थितीतून आलेले आहेत, त्यांचा अभ्यास आपल्या अधिकारकक्षेत बसत नाही, हे कारण दिले गेले. पुढच्याच वर्षी अदिस अबाबा इथल्या परिसंवादात आफ्रिकी स्त्रियांनी पुन्हा तीच मागणी केली, तेव्हाही उत्तर बदलले नाही. या माघारीला पार्श्वभूमी होती. केनियात १९२९ मध्ये ख्रिस्ती मिशनांनी मुलींच्या सुंतेविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा किकुयू समाजाने तो आपल्या अस्तित्वावरचा हल्ला मानला, आणि जोमो केन्याटा यांनी नंतर आपल्या पुस्तकात या विधीचे समर्थन केले. सुदानमध्ये ब्रिटिश अमलातल्या १९४६ च्या बंदीनंतर रुफाआ गावात उठाव झाला. वसाहतवादाचा ठपका नको म्हणून संघटना मागे सरली, हे समजण्यासारखे आहे. पण या सावधगिरीची किंमत कोणत्या वयाच्या माणसांनी मोजली, हा प्रश्न त्या ठरावात कुठेच नाही. संघटनेने हा विषय खऱ्या अर्थाने हाती घेतला तो १९७९ च्या खार्टूम परिसंवादात, तोवर वीस वर्षे गेली होती. बाल हक्क करार १९८९ मध्ये आला. त्याच्या चोविसाव्या कलमात मुलांच्या आरोग्याला घातक अशा रूढी नाहीशा करण्याची जबाबदारी राष्ट्रांवर टाकली गेली. १९९७ मध्ये युनिसेफसह तीन संस्थांचे आणि २००८ मध्ये दहा संस्थांचे संयुक्त निवेदन निघाले. १९५९ ते २००८ या काळात शरीरशास्त्र काही बदलले नव्हते. बदलले ते एवढेच, की ज्यांच्यावर हे घडले होते त्या मुली मोठ्या होऊन नावानिशी बोलू लागल्या.

मुंबईत तसे बोलणे जास्त अवघड होते. इथली प्रथा प्रामुख्याने दाऊदी बोहरा समाजातली. इस्माइली शियांची ही शाखा, इजिप्तच्या फातिमी परंपरेतून आणि येमेनमार्गे गुजरातेत रुजलेली, आणि आज तिचे धर्मपीठ मुंबईत आहे. मुलगी साधारण सात वर्षांची झाली की घरातली आजी, मावशी किंवा आई तिला काही निमित्ताने बाहेर नेते. एखाद्या जाणत्या बाईच्या खोलीत, अलीकडे कधी कधी दवाखान्यातही, क्लिटोरिसवरची त्वचेची घडी कापली जाते. त्या तुकड्याला घरगुती बोलीत ‘हराम की बोटी’ म्हणतात, यातच वासनेला आवर घालण्याचा हेतू उघड होतो. समर्थक दहाव्या शतकातल्या काझी नुमान यांच्या ‘दआइम अल-इस्लाम’ या ग्रंथाचा आधार देतात, आणि हे शुद्धतेसाठी आहे, वासनेचा प्रश्नच नाही, असे म्हणतात. मुलाच्या सुंतेला आप्तेष्ट जमतात, गोडधोड होते. मुलीचा खतना मात्र पुरुषांपासूनसुद्धा लपवला जातो. मुंबईच्या आयआयटीत मानसशास्त्र शिकवणाऱ्या रेहाना घडियाली यांनी १९९१ मध्ये दिल्लीच्या ‘मानुषी’ या नियतकालिकात यावर लेख लिहिला, तेव्हा या विषयावर छापील असे जवळजवळ काही नव्हते. त्यानंतर वीस वर्षांनी, २०११ मध्ये, एका बोहरा स्त्रीने धर्मगुरूंना उद्देशून ऑनलाइन अर्ज लिहिला, तोही ‘तसलीम’ या टोपणनावाने.

टोपणनाव का, याचे उत्तर मुंबईच्या कायद्याच्या इतिहासात सापडते. दाऊदी बोहरा समाजात धर्मगुरूंचा शब्द मोडणाऱ्याला वाळीत टाकण्याची रीत, म्हणजे ‘बरात’, फार जुनी. अशा माणसाला मशीद बंद, लग्नकार्य बंद, दफनभूमीही बंद. मुंबई सरकारने १९४९ मध्ये अशा बहिष्कारावर बंदी घालणारा कायदा केला. समाजाचे तत्कालीन सर्वोच्च धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, धर्मसंप्रदायाला आपले व्यवहार चालवण्याचे स्वातंत्र्य आहे, या आधारावर तो रद्द केला. असगर अली इंजिनियर यांच्यासारख्या बोहरा सुधारकांनी पुढची कित्येक दशके या निकालाच्या सावलीत लढत काढली. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला, आणि १९६२ च्या निकालाचा फेरविचार घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला. हा इतिहास बाजूला ठेवून ‘तक्रारी का येत नाहीत’ असे विचारणे म्हणजे तोंडावर हात ठेवून माणूस का बोलत नाही, असे विचारण्यासारखे आहे. आईने तक्रार केली तर तिचे माहेर तुटते, मुलीचे लग्न अडते, आणि उद्या बापाच्या मयतीला खांदा द्यायला माणसे येतील की नाही याचीही खात्री उरत नाही.

आता गुन्हे नोंद विभागाचे पाहू. हा विभाग पोलिसांकडे दाखल झालेले गुन्हे कलमवार मोजतो. खतना नावाचे कलमच नाही, तेव्हा तो रकाना रिकामा राहणे ठरलेलेच आहे. एखादे प्रकरण गंभीर दुखापत म्हणून नोंदले गेले, तरी ते त्या कलमाच्या ढिगात मिसळून जाईल. पॉक्सोमध्ये गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती कळवण्याचे बंधन आहे, पण तो कायदा लैंगिक शोषण डोळ्यांपुढे ठेवून रचलेला आहे. त्यातला आरोपी वासनेने हात लावतो. इथे हात आजीचा आहे, आणि आजी नातीवर प्रेम करते. सात वर्षांच्या मुलीने आपल्या आजीला गुन्हेगार म्हणून ओळखावे, पोलिसांपर्यंत पोचावे आणि मग ती नोंद दिल्लीच्या कोष्टकात उमटावी, अशी वाट पाहणारी यंत्रणा मुलीचे रक्षण करत नाही. समाजातल्याच स्त्रियांनी मात्र पुरावा गोळा केला. ‘सहियो’ या संस्थेच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ३८५ बोहरा स्त्रियांपैकी ८० टक्के स्त्रियांनी आपला खतना झाल्याचे सांगितले. ‘वुई स्पीक आउट’ने पुढे आणलेल्या २०१८ च्या अभ्यासात सहभागी झालेल्यांच्या सात वर्षे आणि त्यावरील मुलींपैकी ७५ टक्के मुलींचा खतना झाला होता. हे नमुने छोटे आहेत आणि स्वतःहून बोलायला पुढे आलेल्यांचे आहेत, हा आक्षेप योग्यच आहे. या टक्केवारीवरून संपूर्ण समाजाचे प्रमाण काढता येणार नाही. पण प्रथा अस्तित्वात आहे की नाही, एवढ्याच प्रश्नाला या पाहण्या पुरेशा आहेत, आणि मंत्रालयाचे म्हणणे तर ती असल्याचाच आधार नाही, असे होते.

समर्थक स्त्रियांची संघटना वेगळा मुद्दा मांडते. आमच्याकडे होते ते ‘खफ्ज’, अगदी नाममात्र, आफ्रिकेतल्या विच्छेदनाशी त्याची तुलना करू नका, असे त्या म्हणतात. हे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. सोमालियात योनीचे ओठ कापून शिवून टाकण्याच्या रीतीइतके हे भयंकर खरोखरच नाही. पण ‘किती कापले’ हीच कसोटी धरली की बालसंरक्षणाची जमीन कशी सरकते, याची दोन उदाहरणे समोर आहेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने एप्रिल २०१० मध्ये सुचवले, की मुलीला परदेशी नेऊन मोठे छेदन होण्यापेक्षा डॉक्टरांना एक छोटी टोचणी करण्याची मुभा असावी. हेतू मुलींना वाचवण्याचाच होता. तरी महिन्याभरात, मे अखेरीस, अकादमीला ते निवेदन मागे घ्यावे लागले, कारण टोचणी छोटी असली तरी मुलीचे शरीर तिच्या परवानगीशिवाय दुरुस्त करायचे असते, ही गोष्ट डॉक्टरांच्या सहीने मान्य होत होती. दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचे. तिथे बोहरा समाजातल्या दोन बहिणींच्या प्रकरणात २०१५ मध्ये मुलींची आई, एक निवृत्त परिचारिका आणि एक धार्मिक नेता दोषी ठरले. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. कायद्यातला ‘विच्छिन्न करणे’ हा शब्द किरकोळ इजेला लागू होत नाही, असे त्याचे मत पडले. ऑक्टोबर २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ फिरवला आणि कितीही लहान असली तरी इजा ती इजाच, असे ठरवले. वैद्यकीय तपासणीत ठळक व्रण दिसला नव्हता. खटला उभा राहिला तो मुलींच्या स्वतःच्या बोलण्यावर.

मग मुलांचे काय, हा प्रश्न येतोच, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. मुलाची सुंता चालते तर मुलीचा खतना का नाही, असे समर्थक विचारतात. युरोपातल्या बालसंरक्षण संस्थांनी या प्रश्नाला सरळ तोंड दिले आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये ऑस्लो इथे नॉर्डिक देशांच्या बाल लोकपालांनी संयुक्त निवेदन काढले, की वैद्यकीय कारणाशिवाय, संमती देऊ न शकणाऱ्या मुलाची सुंता करणे बाल हक्क कराराशी विसंगत आहे. मुलगा मोठा होऊन स्वतः ठरवू शकेल तोवर थांबावे. त्याआधी मे २०१२ मध्ये कोलोनच्या न्यायालयाने चार वर्षांच्या मुलाच्या सुंतेला शारीरिक इजा ठरवले होते, पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जर्मन संसदेने कायदा करून आईवडिलांना ती मुभा दिली. ज्यू आणि मुस्लिम मुलांच्या बाबतीत जर्मनीने असा निर्णय करताना इतिहासाचे ओझे वाहिले, हे उघड आहे. अमेरिकी अकादमीने २०१२ मध्ये फायदे धोक्यांपेक्षा अधिक असल्याचे म्हटले, तरी सरसकट सुंतेची शिफारस केली नाही. भारतात केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मुलांच्या सुंतेविरुद्धची एक याचिका फेटाळली, ती केवळ वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवर आधारलेली आहे म्हणून. इथेही अडले पुराव्यापाशीच. माझे मत नॉर्डिक लोकपालांच्या बाजूचे आहे. जे अवयव निरोगी आहेत, ज्यांच्यावरचा निर्णय पंधरा वर्षे थांबल्याने काही बिघडत नाही, तो निर्णय ज्याचे शरीर त्याच्याकडे राहावा. परंतु मुलांबाबतचा हा अनिर्णित वाद मुलींच्या आड उभा करता येणार नाही. एका मुलावर अन्याय होत असेल, तर त्याने मुलीवरचा अन्याय कमी होत नाही. शिवाय मुलीच्या प्रथेला जो हेतू आणि जी गुप्तता चिकटलेली आहे, ती सुंतेला नाही.

उरला धर्मस्वातंत्र्याचा आक्षेप. सर्वोच्च न्यायालयात तो जोरदारपणे मांडला गेला. सप्टेंबर २०१८ मध्ये तिवारी यांच्या याचिकेचे प्रकरण घटनापीठाकडे गेले आणि २०१९ मध्ये शबरीमला प्रकरणातून निघालेल्या व्यापक प्रश्नांना जोडले गेले. मराठी वाचकाला या आक्षेपाचा सूर ओळखीचा वाटेल. १८९१ मध्ये संमतीवयाच्या विधेयकाने मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा वर्षांवर नेले, तेव्हा पुण्यात हेच म्हटले गेले, की सुधारणा समाजाच्या आतून, शिक्षणाने व्हावी, परक्या सरकारने धर्मात हात घालू नये. टिळकांच्या या भूमिकेत परकीय सत्तेविषयीची शंका खरी होती, आणि आजही अल्पसंख्य समाजाला बहुसंख्यांच्या सरकारविषयी वाटणारी शंका खरी असू शकते. मात्र आगरकरांनी तेव्हा धरलेला मुद्दा या शंकेने खोडला जात नाही: वाट पाहणारी मुलगी तेवढ्यात मोठी होऊन जाते, आणि आतून होणारी सुधारणा तिच्या वाट्याला येत नाही. शिवाय कायद्याने आतला बदल अडत नाही, त्याला बळ मिळते, याचा पुरावा बोहरा समाजानेच दिला. ऑस्ट्रेलियातल्या २०१५ च्या निकालानंतर, २०१६ च्या सुमारास, सिडनी, लंडन आणि अमेरिकेतल्या काही शहरांतल्या जमातींनी आपल्या सदस्यांना पत्रे पाठवून, इथल्या कायद्याने हे निषिद्ध आहे, करू नका, असे कळवले. जून २०१६ मध्ये धर्मपीठाच्या निवेदनात मुलाची सुंता आणि मुलीचा खतना हे दोन्ही विधी धर्माचा भाग असल्याचे सांगतानाच, बंदी असलेल्या देशांत कायदा पाळावा, असेही म्हटले होते. मुंबईच्या भेंडीबाजारातल्या मुलीसाठी असे पत्र निघाले नाही, कारण तिच्या देशात त्या नावाचा कायदा नव्हता.

आकडेवारी नाही, हे म्हणणे तर आणखीच टिकत नाही. घरोघरी जाऊन स्त्रियांना त्यांच्या खतन्याविषयी विचारण्याची पद्धत १९८९-९० च्या सुदानच्या लोकसंख्या व आरोग्य पाहणीपासून आफ्रिकेत रूढ आहे. युनिसेफचे कोट्यवधींचे आकडे त्याच प्रश्नावलींमधून आले. भारताची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी त्याच आंतरराष्ट्रीय पाहणीमालेतली, १९९२-९३ पासून चालू असलेली. नवऱ्याच्या मारहाणीसारखा घरातला आणि लाजेचा प्रश्नसुद्धा, बाईला एकांतात बसवून, ती पाहणी विचारते. सगळे मिळून जगात दहा लाखांच्या आसपास असलेला समाज देशव्यापी नमुन्यात फारसा येणार नाही, हे खरे. त्यासाठी मुंबई, सुरत, उदयपूर अशा शहरांत स्वतंत्र पाहणी लागेल. ती करू शकणारी माणसे दूरची नाहीत. कुटुंब आरोग्य पाहणीची धुरा ज्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे आहे, ती मुंबईतच, देवनारला आहे.