इंग्रजी शब्दांतील अर्थपरिवर्तन

शब्दाचे रूप बहुतांशी कायम राहून त्याचा अर्थ कालौघात पालटणे, यास अर्थपरिवर्तन म्हणतात. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मीशेल ब्रेआल (१८३२–१९१५) याने १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासास चालना मिळाली. इंग्रजीचा सु. १,३०० वर्षांचा लिखित पुरावा उपलब्ध असल्याने तीत ही प्रक्रिया स्पष्टपणे पाहावयास मिळते.

अर्थपरिवर्तनाचे चार प्रमुख प्रकार मानतात. प्राचीन इंग्रजीत ‘डिअर’ म्हणजे पशू, तर ‘मीट’ म्हणजे कोणतेही अन्न. पुढे अर्थसंकोच होऊन ते अनुक्रमे हरिण व मांस यांचे वाचक बनले. संस्कृत ‘मृग’ शब्दाचा प्रवासही पशू ते हरिण असाच झाला. ‘मृगेंद्र’ या शब्दात जसा जुना अर्थ शिल्लक आहे, तसाच तो ‘स्वीटमीट’ (मिठाई) या शब्दातही आहे. उलट ‘बर्ड’ म्हणजे मूळचे पक्ष्याचे पिल्लू. तेथे अर्थविस्तार झाला. ‘नेव्ह’ व ‘नाइट’ या दोहोंचा मूळ अर्थ मुलगा. पैकी पहिल्याचा अपकर्ष होऊन तो लबाडाचा, तर दुसऱ्याचा उत्कर्ष होऊन तो सन्मान्य योद्ध्याचा वाचक झाला. ‘नाइस’ हा शब्द अज्ञ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला असून मूर्ख, चोखंदळ, काटेकोर अशा अर्थच्छटांतून तो सुखद या अर्थापर्यंत पोहोचला.

हा प्रवाह थोपविण्याचे प्रयत्नही झाले. जॉनाथन स्विफ्टने १७१२ मध्ये भाषा स्थिर करण्याची योजना मांडली. सॅम्युएल जॉन्सननेही आरंभी तशी आशा बाळगली होती. परंतु ती व्यर्थ असल्याचे त्याने आपल्या कोशाच्या (१७५५) प्रस्तावनेत मान्य केले. १८८४–१९२८ या काळात प्रथम प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाने प्रत्येक अर्थ कालक्रमानुसार अवतरणे देऊन नोंदविला आणि निर्णयाऐवजी पुरावा हे कोशरचनेचे सूत्र ठरविले.

अर्थांतराकडे दुर्लक्ष केल्यास जुन्या ग्रंथांचा विपर्यास होतो. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘प्रिव्हेंट’ म्हणजे आधी जाणे, तर ‘लेट’ म्हणजे काही ठिकाणी अडथळा करणे. आज पहिल्याचा अर्थ प्रतिबंध करणे व दुसऱ्याचा मोकळीक देणे असा असल्याने वाचक नेमका उलट अर्थ घेण्याचा संभव असतो. जुन्या कायद्यांच्या अर्थनिर्णयातही हीच अडचण येते. तेथे एका शब्दाच्या अर्थावर पक्षकाराचा हक्क अवलंबून असू शकतो.

तथापि जुना तोच अर्थ शुद्ध, हा आग्रह टिकत नाही. ‘डिसइंटरेस्टेड’ हा शब्द निःपक्षपाती याच अर्थाने वापरावा, असे अनेक जाणकार सांगतात; पण सतराव्या शतकात तो अनास्था असलेला या अर्थानेही आढळतो आणि ‘अनइंटरेस्टेड’ हा त्या काळी निःपक्षपाती या अर्थी वापरला जाई. तरीही हा भेद राखणे हितावह आहे. कारण न्यायाधीश निःपक्षपाती असावा, अनास्थ नसावा, हे सांगण्यास दोन स्वतंत्र शब्द लागतात. अचूक शब्दप्रयोगाचा खरा आधार शब्दाचे प्राचीनत्व हा नसून अर्थभेदाची उपयुक्तता हा होय.