दिल्लीतील पाय राखण्याची विद्या

दिल्लीच्या तवारिखा लिहिणाऱ्यांनी या नगरीत कोणाचा खुतबा वाचला गेला, कोणाच्या नावाचे नाणे पडले आणि कोणाचे मस्तक कोणत्या दरवाजावर टांगले गेले, याची नोंद मोठ्या साक्षेपाने केली आहे. परंतु १३९८ साली तिची राखरांगोळी करणारा तैमूर आणि १७८४ साली पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलकीची वस्त्रे घेऊन तिचा कारभार पाहणारे महादजी शिंदे, हे दोघेही एका पायाने अधू होते, या योगायोगाकडे सहसा कोणी थांबून पाहत नाही. तैमूरचे लंगडेपण तर १९४१ साली समरकंदची कबर उघडून सोव्हिएत संशोधकांनी हाडांवरूनच सिद्ध केले.

महादजींची हकीकत आपल्या अधिक जिव्हाळ्याची. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतावरील संहारातून दक्षिणेच्या वाटेला लागलेल्या या तरुण सरदाराला एका पठाण स्वाराने दूरवर पाठलाग करून गाठले, पायावर परशूचा घाव घातला आणि अंगावरचा ऐवज लुटून, हा आता मेलाच, असे समजून तो निघून गेला. तेव्हा राणेखान नावाच्या एका भिस्त्याने आपल्या बैलावर घालून त्यांना दक्षिणेत सुखरूप आणले. पाय जन्माचा अधू झाला, पण राहिला. महादजींनी त्या भिस्त्याला भाऊ मानून सरदारकी दिली आणि १७८८ साली गुलाम कादराने शाह आलमचे डोळे काढल्यावर दिल्ली सोडवण्यास गेलेल्या मराठी फौजेच्या अग्रभागी हाच राणेखान होता. पाणी वाहणाऱ्याने वाचवलेल्या माणसासाठी पुढे त्याच पाणी वाहणाऱ्याने राजधानी जिंकून द्यावी, असे कथानक नाटककाराने रचले असते तर आपण त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता.

त्या काळी जखम धुणे, रक्त काढणे, गळू फोडणे ही कामे जर्राहाची, आणि निखळलेला सांधा बसवणे हे आखाड्यातील पहिलवानाचे. जुन्या दिल्लीच्या गल्ल्यांतून ‘हड्डी-जोड पहलवान’ अशी पाटी आजही दिसते. या मंडळींच्या हाताला गुण नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु बांबूच्या कामट्या घालून करकचून बांधलेल्या पट्टीखाली रक्ताचा प्रवाह खुंटतो, बोटे काळीनिळी पडतात आणि मोडलेल्या हाडासाठी आलेला मनुष्य सडलेला पाय घेऊन इस्पितळात जातो, हा अनुभव आपल्याकडच्या अस्थिशल्यज्ञांना पुरेपूर परिचयाचा आहे.

पाय कापणे ही त्या काळी मुख्यतः रणांगणावरची आणि तरुणांच्या वाट्याची गोष्ट होती. म्हणूनच महायुद्धातील जवानांसाठी १९४४ साली कृत्रिम अवयवांचे केंद्र निघाले ते पुण्याला, लष्कराच्या आश्रयाने. दिल्लीतील सफदरजंग इस्पितळ हेही मुळात युद्धकाळातील लष्करी रुग्णालयच. ते पुढे १९५४ साली केंद्र सरकारच्या ताब्यात आले. नागरिकांच्या तुटलेल्या पायांची तजवीज करणारी दिल्लीची मोठी संस्था मात्र सरकारने १९७५ साली आपल्या हाती घेतली. तिचा पत्ता विष्णु दिगंबर मार्ग. बालपणी फटाक्याच्या अपघाताने दृष्टी गमावून बसलेल्या कुरुंदवाडच्या गायक पलुसकरांच्या नावाच्या रस्त्यावर अपंगांचे हे केंद्र उभे असावे, हे कोणी ठरवून केले नसणार. त्याच्या काही वर्षे आधी, १९६८ च्या सुमारास, जयपूरला रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी उकिडवे बसता येईल, शेतात अनवाणी चालता येईल असा रबरी पाय घडवला होता. विलायती पायाला बूट लागे आणि आपला माणूस तर उंबऱ्याबाहेर जोडा काढणारा.

याच सुमारास या इतिहासाने एक अनपेक्षित वळण घेतले. १९६२ साली इंग्लंडात जॉन चार्नली यांनी खुब्याचा सांधा बदलण्याची रीत स्थिर केली आणि १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये इन्सॉल, वॉकर आणि आपले चित्तरंजन राणावत यांनी आधुनिक गुडघ्याचा नमुना सिद्ध केला. याच राणावतांनी ऑक्टोबर २००० आणि जून २००१ मध्ये पंतप्रधान वाजपेयींचे दोन्ही गुडघे मुंबईत बदलले, आणि दिल्ली, गुडगाव, नोएडाच्या बैठकीच्या खोल्यांतून ‘गुडघे बदलणे’ हा शब्दप्रयोग सर्रास ऐकू येऊ लागला. ऑगस्ट २०१७ मध्ये दिल्लीहूनच निघालेल्या सरकारी आदेशाने कोबाल्ट-क्रोमच्या गुडघ्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरवली. त्याच आदेशात पुन्हा बदलाव्या लागणाऱ्या गुडघ्याचीही किंमत होती, १,१३,९५० रुपये. बिघडलेल्या गुडघ्याचा हा दुप्पट भाव फारसा कोणी वाचला नाही.

शंभरांत एखाद-दुसऱ्या रुग्णाच्या नव्या सांध्यात जंतू शिरतात. ते धातूवर चिकट पापुद्रा धरून बसतात आणि त्या पापुद्र्याआड औषध नीट पोहोचत नाही. मधुमेही वृद्धाच्या बाबतीत तर दुखण्याला आयतीच साथ मिळते. गुडघा ऊन लागतो, टाक्यांशेजारून पू झिरपतो. इन्सॉल यांनीच १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या दुहेरी रीतीप्रमाणे आधी सांधा काढतात, हल्ली त्याच्या जागी औषध कालवलेल्या सिमेंटचा ठोकळा बसवतात, काही आठवडे प्रतिजैविके देतात आणि मग नवा सांधा घालतात. बहुतेकांचा पाय यात वाचतो. क्वचित कोणाच्या बाबतीत हे सारे दोनदा-तीनदा होऊनही पू थांबत नाही, आणि मग गुडघा कायमचा ताठ करून टाकणे किंवा मांडीतून पाय काढणे, हेच मुख्य मार्ग उरतात. जो प्रश्न जखमी शिपायापुढे पडे तो असा सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थापुढे, सुखाने चालावे म्हणून केलेल्या शस्त्रक्रियेच्या पोटी येतो.

शल्यज्ञाला पाय काढणे हा आपला पराभव वाटतो, म्हणून तो शब्द शेवटच्या घटकेपर्यंत ओठावर येत नाही. घरची माणसे वडिलांच्या देखत तो उच्चारू देत नाहीत. आणि कृत्रिम पाय घडवणाऱ्याला बोलावणे जाते ते टाके निघाल्यावर. मला हा क्रमच चुकीचा वाटतो. मांडीचा किती भाग राखला तर कृत्रिम पाय नीट बसेल, हे तो कारागीर आधी सांगू शकतो, आणि मांडीवरून तुटलेल्या पायाने चालण्यास दम फार लागत असल्यामुळे या वयात पुष्कळांना चाकाची खुर्चीच सोयीची पडते, हेही तो स्पष्ट बोलू शकतो. मसलतीच्या बैठकीत त्याला शल्यज्ञाच्या शेजारी बसवावे आणि ज्याचा पाय आहे त्यालाही तेथे बसवावे. खाटेपासून संडासापर्यंत आपण कसे जाणार, हे त्याने विचारावे, आणि ज्या दुसऱ्या गुडघ्यावर यापुढे सारा भार पडणार आहे, तो बहुधा झिजलेला किंवा धातूचाच असल्यामुळे, त्याची तपासणी पाय काढण्यापूर्वी व्हावी.