पित्ताशयातील खडे, आजारी यकृत आणि मुंबईची दुर्बीण

निरोगी यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. दोन जेवणांच्या मधल्या वेळात ते पित्ताशयात साठते आणि त्यातले पाणी शोषले जाऊन पाच ते दहापट दाट होते. तुपातेलाचा घास लहान आतड्यात उतरला, की कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक रक्तात येते आणि पित्ताशय आकुंचन पावून पित्त आतड्यात सोडते. यकृत व्रणांनी कठीण होत जाणाऱ्या सिरॉसिस या आजारात ही घडी विस्कटते. पित्तक्षार कमी तयार होतात. यकृताकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब वाढून प्लीहा फुगते व तांबड्या पेशी अकाली मोडू लागतात, त्यामुळे त्यांतून निघणाऱ्या बिलिरुबिन या रंगद्रव्याचा भार वाढतो. पित्ताशय नीट रिकामे होत नाही. साचलेल्या पित्तात बिलिरुबिन आणि कॅल्शियम एकत्र येऊन मिऱ्यांसारखे काळे, ठिसूळ खडे बनतात. पिवळसर कोलेस्टेरॉलच्या खड्यांहून ते वेगळे असतात.

मुंबईत आजारी यकृताचा पद्धतशीर अभ्यास जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज यांच्यापासून सुरू होतो. दोन्ही १८४५ मध्ये उघडली. कॉलेजचे पहिले प्राचार्य चार्ल्स मोरहेड यांनी १८५६ मध्ये भारतातील रोगांवर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात यकृताच्या विकारांचीही दखल आहे.

खड्यांवर उपाय मात्र आधी बर्लिनमध्ये सापडला. १८८२ मध्ये कार्ल लांगेनबुख यांनी खड्यांसह संपूर्ण पित्ताशयच काढून टाकले. घोडा आणि हत्ती यांना पित्ताशय नसते, मग माणूसही त्यावाचून जगेल, हा त्यांचा तर्क खरा ठरला. १९२४ मध्ये ग्रॅहम आणि कोल या डॉक्टरांनी क्ष-किरणांत पित्ताशय दिसावे म्हणून विशिष्ट रंगद्रव्य देण्याची पद्धत शोधली. ही पद्धत अनेक वर्षे चालली, पण यकृताच्या रुग्णांबाबत तिच्यात मोठी अडचण होती. रंगद्रव्य पित्तात उतरवण्याचे काम यकृताचेच, आणि तेच थकलेले असले की पित्ताशय फोटोत उमटत नसे. ज्यांच्यात खडे जास्त होतात त्यांचेच खडे दिसू नयेत, ही त्या काळातली सर्वांत वाईट गोष्ट म्हटली पाहिजे. ते सापडत ते शवविच्छेदनाच्या टेबलावर. ब्रिटनमध्ये इयन बुशिए यांनी १९६९ मध्ये अशाच शवविच्छेदनांच्या नोंदींवरून सिरॉसिसच्या रुग्णांत खड्यांचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक असल्याचे दाखवले. सोनोग्राफी आल्यावर ते प्रमाण जिवंत रुग्णांतही दिसू लागले.

मुंबईत पोटात थेट डोकावण्याची वाट जे. जे. मध्ये मोकळी झाली. १९७२ मध्ये डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी तिथे दुर्बिणीचा वापर सुरू केला. पोटात पाणी झालेल्या रुग्णाचे मोठे ऑपरेशन न करता, लहानशा छेदातून यकृताचा पृष्ठभाग पाहता येऊ लागला आणि तपासणीसाठी तुकडाही काढता येऊ लागला. मे १९९० मध्ये त्यांनी याच रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढले. भारतातली अशी ही पहिली शस्त्रक्रिया. त्याआधी १९८५ मध्ये जर्मनीत एरिख म्युहे आणि १९८७ मध्ये लिऑनला फिलिप मुरे यांनी ती केली होती. २०१७ मध्ये उडवाडियांना पद्मभूषण मिळाले. सरकारी रुग्णालयातल्या गरीब रुग्णासाठी, अपुऱ्या साधनांत ही विद्या रुजली, याचे मोल त्या सन्मानाहूनही मोठे आहे.

सिरॉसिसच्या रुग्णाला मात्र सुरुवातीला दुर्बिणीचा लाभ नव्हता. यकृताभोवतीच्या फुगलेल्या शिरा आणि न गोठणारे रक्त यांमुळे १९८० च्या दशकात अशा रुग्णांवरची उघडी शस्त्रक्रिया अनेकदा प्राणघातक ठरे. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या परिषदेनेही सिरॉसिसच्या शेवटच्या टप्प्यात दुर्बिणीची शस्त्रक्रिया टाळावी असे सांगितले. अनुभव वाढला तसे धोरण बदलले. यकृताची शिल्लक ताकद चाइल्ड-पग श्रेणीने मोजतात: अ सर्वांत बरी, क सर्वांत वाईट. अ आणि ब श्रेणीत, खडे त्रास देत असतील, तर आज दुर्बीण हाच पहिला पर्याय असतो. रक्तस्राव आवरण्यासाठी यकृताला चिकटलेली पित्ताशयाची मागची भिंत कधी कधी जागेवरच ठेवतात. क श्रेणीत शक्यतो चाकू लावत नाहीत. पित्ताशय सुजलेच तर सुईने नळी घालून त्यातला साठा बाहेर काढतात. न दुखणारे खडे तसेच राहू देतात. सोनोग्राफीच्या अहवालात पित्ताशयाची भिंत जाड दिसली, तरी सिरॉसिसमध्ये तिचा अर्थ नेहमी जंतुसंसर्ग असा नसतो. रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन घटल्याने आणि शिरांमधला दाब वाढल्यानेही ती फुगते. म्हणून ताप, दुखण्याची जागा आणि रक्ततपासणी एकत्र पाहूनच ऑपरेशनचा निर्णय होतो.